पाटील मिस्त्री

स्वयंपाकघरातली शेवटची फरशी बसवून मी थापी धुवायला अंगणात निघालो. दारापर्यंतच पोचलो होतो. मागे वकिलीणबाईंनी तांब्यातलं गोमूत्र शिंपडायला घेतलं. मी बसवलेल्या फरशीवर. माझ्यादेखत.

वकीलसाहेब मला बाहेरच्या ओट्यावर घेऊन आले. धरमपेठेतला मोठा बंगला त्यांचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट.

"तुझा हात चांगला आहे रे," ते म्हणाले. "शेजारच्या मास्तरीणबाईंची न्हाणी दुरुस्त करायची आहे. मी त्यांना तू पाटील आहेस असं सांगितलंय. तेवढं सांभाळ."

मी मान हलवली. घरात चार तोंडं होती.

छप्पन्न साली बापानं दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्या बापाचा मी पोरगा. पाटील झालो.

मास्तरीणबाई विधवा, एकट्या. मला अहोजाहो करायच्या. कपात चहा द्यायच्या. "पाटील" अशी हाक आली की ओ द्यायला मला जरा उशीर व्हायचा. दिवसभर विटा वाहून थकलो नसतो एवढं थकायला व्हायचं. कसंबसं काम उरकलं आणि सुटलो.

दोन महिन्यांनी आमच्यातला एक गवंडी म्हणाला, "धरमपेठेतली एक बाई पाटील मिस्त्रीले शोधून राहिली. न्हाणीचं पाणी भिंतीत मुरलं म्हणते. कोण आहे गा हा पाटील?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

न्हाणीच्या फरशीचा उतार चुकला होता. घाईत, माझ्याच हातानं. पण शिव्या पाटलाला बसत होत्या, आणि पाटील कुणाला सापडणार नव्हता. दोन दिवस मी गेलो नाही. बायको म्हणाली, "काहून जेवून नाही राहिले?" तिला काय सांगू? बाई एकटी होती, भिंत ओली होती आणि मी लपलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

"पाटील, होतात कुठे?"

"पाटील कोणी नाही, बाई. मी इंदोऱ्याच्या वस्तीत राहतो. बौद्ध आहो. उतार माझ्याच हातून चुकला. फोडून नवा करून देतो."

त्या म्हणाल्या, "नावच खोटं सांगितलंत. कामावर भरवसा कसा ठेवू?"

त्यांचं बरोबर होतं.

"बरं. मागच्या दारानं या."

हे मात्र बरोबर नव्हतं. मी पायरीवरून हललो नाही.

"पुढच्या दारानं आलो होतो, बाई. पुढच्याच दारानं येईन. नाहीतर दुसरा मिस्त्री पाठवतो, त्याची मजुरी मी देतो."

बाई बाजूला झाल्या. पदर सावरून, अंग चोरून.

चार दिवस काम केलं. भिंत सुकली. चहा आला नाही. शेवटच्या दिवशी वकीलसाहेब फाटकात उभे होते. "मला तोंडघशी पाडलंस. या गल्लीत आता तुला काम नाही."

खरंच मिळालं नाही.

तेव्हापासून कामाला हात लावायच्या आधी मी कागदावर माझं पूर्ण नाव आणि वस्तीचा पत्ता लिहून देतो. काहीजण वाचतात आणि कागद परत करतात. मी अवजारं उचलतो, निघतो. काम बिघडलं तर मला माझ्या नावानं शिव्या द्या, मी येईन. दुसऱ्याच्या नावानं केलेलं कौतुक मला नको.