कॉलेजला नेसायची साडी

आमच्या शाळेत तो फोटो अजून आहे. गळ्यात हार घातलेल्या शास्त्रज्ञ बाई, अन् शेजारी दोन वेण्यांची, दात काढून हसणारी मी. खाली लिहिलंय, ‘प्रेरणा’. माझी लेक त्याच शाळेत नववीला आहे. मैत्रिणी तिला विचारतात, “मग तुझी माय पुढं काय झाली?” काय सांगणार बिचारी!

मावशीच्या घरी राहून मी कशीबशी दहावीत पोचले होते. बाई परभणीहून गाडीनं आल्या. पुढाऱ्यांची भाषणं संपता संपेनात, बाईंच्या वाट्याला उरलासुरला वेळ आला. पण बोलल्या मात्र लय भारी. त्यांचे वडीलसुद्धा मेंढरं राखायचे म्हणे. माझ्या अंगावर काटाच आला. आपल्यातली बाई ताऱ्यांचा अभ्यास करते! गणितात मी वर्गात पहिली होते. तिथंच ठरवलं, घ्यायचं तर सायन्सच.

“कुणाला काही विचारायचंय?” त्या म्हणाल्या. मी उभी राहिले.

“बाई, दिवाळी झाली की माय-बाप मेंढरांमागं गंगाथडीला, गोदेच्या काठाला जातेत. सायन्स जिंतूरला, अन् गावात एसटी येत न्हाई. मी राहू कुठं?”

सगळे हसले. बाई नाही हसल्या. “जिद्द असली की वाट सापडते, बाळा,” म्हणाल्या, अन् सत्कारात मिळालेली हिरवी साडी माझ्या हातात दिली. “कॉलेजला जाशील त्या दिवशी नेस.” केवढ्या टाळ्या! मीही वेड्यासारखी हसले. प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही, हे घरी पोचेपर्यंत ध्यानातही आलं नाही.

निकाल चांगला लागला. बापाला घेऊन जिंतूरला गेले, तर वसतिगृहात जागा नाही. चुलता म्हणाला, “पोरगी कोणाच्या भरवशावर ठिवायची? पाव्हणे इचारायलेत, उरकून टाका.”

सोयरीक जमली. कुंकवाच्या दिवशी मायनं पेटीतून तीच साडी काढली. “हिरवीच लागती. आयतीच हाय की.”

“ती कॉलेजची हाय!” मी ओरडले.

“आता कुठलं कॉलेज? गप नेस,” माय म्हणाली, अन् निऱ्या घालता घालता तीच रडायला लागली.

बाईंचा राग येतो का? येतो. अजून येतो. त्या खोटं बोलल्या नाहीत, त्यांना वाट सापडली असेल. पण शिकताना त्या कुणाच्या घरी राहिल्या, कुणी जेवू घातलं, तेवढं तरी सांगायचं ना! नुसत्या जिद्दीला दार असतं का, छप्पर असतं का?

पुढच्या आठवड्यात दुसरे एक शास्त्रज्ञ यायलेत. गुच्छ द्यायला हेडमास्तरांनी माझ्याच लेकीला निवडलंय. मेंढरंवाल्याची पोरगी, फोटो चांगला येतो.

आज वेणी घालताना तिला म्हटलं, “गुच्छ दे, पाया पड, काय करायचं ते कर. पण इचार, मी राहू कुठं? अन् टाळ्या वाजल्या तरी उत्तर मिळेस्तोवर खाली बसू नको.”