मूठभर चणे
भिजवलेल्या चण्यांचा वास आला की माझी मूठ आपोआप मिटते. वरातीत घोडी दोन पायांवर उभी राहिली की लोक मोबाइल काढतात, म्हणून नवेगाव बांधच्या तळ्याकाठी, धान कापलेल्या बांधीत, मी आमच्या पांढऱ्या घोडीला ते शिकवलं. मी हात वर केला की ती उभी राहायची; खाली आली की मूठभर चणे. बाबा म्हणाले, "हात तं कोनीबी वर करते. काऊन शिकवून राह्यला गा तिले?" मी हसलो. पुढच्याच लग्नात, नवरदेव चढण्याआधी, त्याची बहीण घोडीच्या कपाळाला कुंकू लावायला आली. घोडी उंच, म्हणून तिनं हात वर केला. घोडीचे पुढचे दोन्ही पाय तिच्या खांद्यावर उतरले. बँड थांबला, ताटातले पिवळे तांदूळ मातीत सांडले. त्या आरडाओरड्यात घोडीनं शांतपणे माझ्या हाताला तोंड लावलं. तिनं तिचं काम चोख केलं होतं. आणि मी, सवयीनं, मूठ उघडली. ती बहीण कधी तिरोड्याच्या बाजारात दिसते, डाव्या हातानं नमस्कार करते. माझी मूठ तिनं तेव्हा पाहिली होती का, हे विचारायची माझी अजून हिंमत होत नाही.