गोदावरीबाईनं लपवलेली खपली

भाताच्या रोवणीच्या ओळीत गोदावरीबाई असली की बायांची कंबर कमी आणि पोट जास्त दुखायचं. चिखलात वाकूनच ती नव्या नवरीला हटकायची, "काहून वं, डोळे कायले सुजले? रातभर नवऱ्यानं पाढे म्हणवून घेतले का?" पार शहापूरच्या रस्त्यापर्यंत हसू ऐकू जायचं. सून गुड्डी शेजारून ओरडायची, "आई, बस्स करा ना आता!" बाई आणखी जोरात सुरू व्हायची. साठीला टेकली तरी तोंडाला लगाम नव्हता.

एवढं बोलणारी ही बाई एका गोष्टीबद्दल मात्र कधी बोलली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या नवऱ्यानं, भय्याजीनं, पेटती विडी तिच्या मांडीला टेकवली होती. एकदा नाही, कितीदा तरी. बाळंतपणात दाईनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "काही नाही. दुखत नाही." पुढं भय्याजी निवळला. म्हातारपणी तर बायकोला चहा करून देणारा नवरा म्हणून गावात त्याचं नाव झालं. डाग राहिले, लुगड्याच्या आत.

यंदा पोळा झाल्यावर गुड्डीला ताप आला. त्याआधी ती बकऱ्यांसाठी बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवरचं गवत कापायला रोज जात होती. गावातल्या डॉक्टरनं टायफॉईड म्हणून सलाईन लावलं. ताप हटेना. डोकं फुटून राहिलं म्हणत गुड्डी भिंतीला कपाळ टेकून बसायची. शेवटी गोदावरीबाईनं तिला आडवं केलं, ओल्या फडक्यानं अंग पुसायला घेतलं, आणि जांघेजवळ तिचा हात थांबला.

तिथं एक काळी खपली होती. गोल, वाटाण्याएवढी, कडेनं लाल.

"गुड्डी, हे काय झालं वं?"

"कुठं?" गुड्डीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "काही नाही, आई. दुखत नाही."

गोदावरीबाईनं फडकं बाजूला ठेवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी माहेरी जाण्यावरून निकेशचं, तिच्या पोराचं, आणि गुड्डीचं कडाक्याचं भांडण झालं होतं. निकेश विडी पीत नव्हता, तंबाखूचा खर्रा खायचा. पण बापाचं विडीचं बंडल खिडकीत पडलेलं असायचंच.

तिनं गुड्डीचा परकर खाली ओढला. पोराला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

निकेश ऑटो चालवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं त्याच ऑटोत बायकोला भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं. वॉर्ड गच्च भरलेला. डॉक्टर तृप्ती मॅडम वयानं लहानच, पण घाईत असूनही नीट विचारणारी.

"गवतात, झुडपात गेल्या होत्या का या?"

"शेतकऱ्याची सून हाय मॅडम. गवतात नाही तं काय मॉलमध्ये जाईन?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. डॉक्टरही हसली. मग म्हणाली, "अंगावर कुठं काळी खपली आहे का? चटका बसल्यासारखी?"

गोदावरीबाईला वाटलं, हिला कळलं. आता पोलीस बोलावतील. निकेश पलंगाच्या पायाशी उभा होता, डोळे लाल.

"नाही," ती म्हणाली. "मीनंच पुसलं तिले. अंग साफ हाय."

डॉक्टरनं गुड्डीच्या काखा पाहिल्या, मान पाहिली. चादर खाली करायला गेली तर गोदावरीबाईनं चादर धरूनच ठेवली. "सगळे पाहून राहिले, मॅडम. पोट्टी लाजते." पोट्टीला लाजण्याइतकी शुद्ध नव्हती. तेवढ्यात पलीकडच्या पलंगावर कोणाला तरी झटके आले आणि डॉक्टर तिकडं धावली.

दुपारी गुड्डीला धाप लागली. डॉक्टरनं छाती तपासली, तिचा चेहरा उतरला. "डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. छातीत उतरतंय. नागपूरला हलवावं लागेल. कशामुळं ते कळलं असतं तर…"

ती पुढं गेली. निकेश भिंतीला टेकून खाली बसला.

"माय, गुड्डी मरते का वं?"

तो हमसून रडत होता. गोदावरीबाईचं त्यानं समाधान झालं नाही. भय्याजीही असाच रडायचा, चटका देऊन झाल्यावर.

तिनं गुड्डीकडं पाहिलं. नाकपुड्या फुलत होत्या, ओठ कोरडे. पोराला वाचवायला आपण सुनेला मारून राहिलो. हे तिच्या मनात आलं आणि ती उठली. डॉक्टरला व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, खपली हाय. जांघेत. पण माह्या पोराले जेलात नका टाकू. पहिल्याच बारी केलं त्यानं."

"काय केलं?"

"विडी लावली."

डॉक्टर धावत आली. पडदा ओढला, मोबाईलचा उजेड पाडला. वाकून पाहिलं आणि एकदम सरळ झाली.

"सिस्टर, डॉक्सीचं इंजेक्शन काढा. आत्ता!" मग गोदावरीबाईकडं वळली. "मावशी, ही विडी नाही. गवतात बारीक किडा असतो, डोळ्यांना दिसत नाही. तो चावला की त्याच्यातले जंतू अंगात शिरतात. स्क्रब टायफस म्हणतात याला. चावा दुखत नाही, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही."

"किडा?"

"किडा. औषध आहे याच्यावर, साधं आहे. सकाळी सांगितलं असतं तर…" तिनं वाक्य तसंच सोडलं.

गोदावरीबाई तिथंच फरशीवर बसली. पोरानं काही केलं नव्हतं, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आपल्या पोटच्या पोराबद्दल आपण काय धरून बसलो, आणि त्यापायी काय करणार होतो, हेच तिला दिसत राहिलं. लुगड्याचा पदर तिनं तोंडावर घेतला.

औषधानं ताप उतरला, नागपूरला न्यावं लागलं नाही. गुड्डी उशीला टेकून बसायला लागली. ऑक्सिजनची नळी काढता काढता सिस्टर निकेशला हसत म्हणाली, "दादा, तुमच्या आईनं तर तुम्हालाच आत घालायची तयारी केली होती. म्हणे पोरानं विडी लावली."

सिस्टर गेली. निकेश हसला नाही.

"माय, तुले वाटलं मीनं केलं?"

गोदावरीबाई खिचडीच्या वाटीत चमचा फिरवत राहिली.

"मीनं कधी हात उचलला का तिच्यावर? कधी पायलं तू? मग काहून वाटलं?"

'अडाणी बाई मी, समजलं नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तोंडात आलंही होतं.

"तो डाग कसा दिसते ते मले मालूम हाय," ती म्हणाली. "माह्या मांडीवर हाय."

भय्याजी घरून डबा घेऊन नुकताच दारात आला होता. निकेशनं आईकडं पाहिलं, मग बापाकडं. भय्याजीनं डबा हळूच स्टुलावर ठेवला. "मी… ऑटोजवळ थांबतो," म्हणाला, आणि कोणाकडं न पाहता बाहेर गेला.

निकेश उठला. गोदावरीबाईनं त्याचं मनगट धरलं.

"जाऊ दे. तुह्या बापाची लाज मीनं लय वर्सं सांभाळली. आता त्याइची त्याइले सांभाळू दे."

निकेश परत बसला. तिनं चमचा भरून गुड्डीच्या तोंडाशी नेला. गुड्डी तिच्याकडंच पाहत होती. आजारानं डोळे मोठे झाले होते तिचे.

"घरीच पायलं होतं ना तुमीनं, आई?"

"हो."

"अन् मी मेली असती तं?"

आजूबाजूच्या पलंगांवरच्या बाया कान देऊन होत्या. गोदावरीबाईनं खाली पाहिलं.

"तं मीनंच मारली असती," ती म्हणाली.

गुड्डीनं सासूच्या हातातून वाटी घेतली. थोडी खिचडी चादरीवर सांडली.

"द्या. मी खाते माह्या हातानं."