धाकटीला आलेली फुलं

त्या घरात आजारपणाचं खातं थोरल्या जाऊबाईंकडे होतं. खाली लोकरीच्या कपड्यांचं दुकान, वर बिऱ्हाड. थोरले लोकर आणायचे, धाकटे दुकान उघडायचे, धाकटी गल्ल्यावर बसायची आणि थोरल्या जाऊबाई, म्हणजे सगळ्यांच्या ताई, वरच्या खोलीत विणकामाचं मशीन चालवता चालवता आजारी असायच्या. मशीनचा दांडा वर्षानुवर्षं डावीकडून उजवीकडे ढकलून त्यांची मान धरली होती आणि कंबर कामातून गेली होती. पण बाई कधी कुरकुरल्या नाहीत. कसं वाटतंय असं विचारलं तर सांगायच्या, आणि कुणी विचारलं नाही तर विचारलं नाही म्हणून सांगायच्या.

पद कष्टानं मिळवलेलं होतं आणि घरात त्याला मान होता. पहिला चहा ताईंना, हीटरजवळची खुर्ची ताईंची, रेडिओचा आवाज ताईंच्या डोक्यावर अवलंबून. धाकटी मात्र आजारी म्हणून पडायचीच नाही. शिंक आली तरी ती नाकाच्या शेंड्यावरून परत जायची.

"तुझं बरं आहे बाई," ताई म्हणायच्या, "तुला काही होत नाही."

यात कौतुक कमी आणि हुकूम जास्त होता.

आणि त्याच धाकटीला सणसणून ताप भरला.

गाव उंचावरचं, थंड. डास ही खालच्या लोकांची भानगड, पेपरात वाचून सोडून देण्याची. गेली काही वर्षं थंडी ढिली पडत चालली होती. स्वेटर खपत नाहीत म्हणून थोरले हळहळायचे, पण या उबेत दुसऱ्या कुणाचं फावत असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांनी आधी साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या. मग रक्त खाली शहरात तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तो डेंग्यूचा.

"या खाली कुठे गेल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुकानाच्या पायरीपलीकडे गेलेली नाही ती," धाकटे म्हणाले.

"म्हणजे डास इथलाच. अहो, गावातली ही पहिली केस."

पहिली, हा शब्द ताईंच्या कानात लोकरीच्या सुईसारखा गेला.

मग घरातल्या वर्दळीला काही सुमारच राहिला नाही. खालच्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर दोन मदतनिसांना घेऊन आले आणि धाकटीच्या उशाशी तासभर बसले. ताईंच्या मानेला इतक्या वर्षांत पाच मिनिटांवर कुणी वेळ दिला नव्हता. पेपरवाला फोटो काढून गेला. गावात मच्छरदाणी मिळेना, म्हणून ती खालून मागवली. बांधायची कशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा चार कोपऱ्यांना ताईंच्या मशीनवरची निळी लोकर बांधून ती लटकवली. शेजारीपाजारी मच्छरदाणी बघायला यायचे. आत धाकटी, काचेच्या कपाटातल्या बाहुलीसारखी. व्यापारी मंडळींनी फुलांचे गुच्छ पाठवले, ते ठेवायला बादल्या कमी पडल्या.

ताई सगळं करत होत्या. कपाळावर ओल्या पट्ट्या, लिंबूपाणी, औषधांच्या वेळा. धाकटीच्या प्लेटलेट उतरल्या त्या दिवशी तर त्या उभ्यानं जेवल्या. हात सेवा करत होते आणि मन जळत होतं, दोन्ही मनापासून. एकदा समाचाराला आलेल्या शिंपीणबाईंना त्या सहज म्हणाल्या, "माझी कंबर आज उठू देत नाही हो."

"कंबर काय, सगळ्यांचीच दुखते," शिंपीणबाई म्हणाल्या आणि मच्छरदाणीकडे वळल्या.

त्या संध्याकाळी ताईंनी बादलीतला एक गुच्छ उचलला, सगळ्यांत मोठा, गुलाबी रिबिनीचा, आणि आपल्या खोलीत मशीनशेजारी फुलदाणीत ठेवला. त्याला चिठ्ठी होती, 'लवकर बऱ्या व्हा.' नाव कुणाचंच नव्हतं. शिवाय 'व्हा' म्हटलेलं, म्हणजे मानानं ती थोरलीलाच जास्त शोभत होती. माप द्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "अय्या, कुणी दिली?"

"देतात लोक," ताई म्हणाल्या. त्या दिवशी स्वेटर भराभर विणला गेला.

धाकटी बरी होऊन गल्ल्यावर बसू लागली. तिचे गुच्छ सुकले, फेकले गेले. ताईंच्या फुलदाणीत नुसत्या काड्या उरल्या, पण ताई त्यात पाण्याची भर घालत राहिल्या. चिठ्ठी अजून वाचता येत होती.

मग गल्लीत एकेक जण अंथरूण धरू लागला. औषधवाला, शिंपीणबाईंचे यजमान, समोरच्या घरातले बापलेक. पेपरातली बातमी पहिल्या पानावरून आत सरकत सरकत शब्दकोड्याखाली गेली. आणि एका सकाळी ताईंना थंडी वाजून ताप भरला.

अंगाचा चोळामोळा झाला होता, पण चेहऱ्यावर एक तेज होतं. त्यांनी ठेवणीतली चादर घालून घेतली, वेणी घालून घेतली, मच्छरदाणी लावून घेतली आणि वाट बघत पडल्या.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "ताप मोजत राहा, पाणी भरपूर द्या, रक्त पाठवा. माझ्याकडे रांग लागलीय." पेपरवाला फिरकला नाही. शिंपीणबाई खिडकीतूनच म्हणाल्या, "तुमच्याकडेही का? आमच्याकडे आता दोघं."

आली ती एकटी नगरपालिकेची बाई, बॅटरी आणि पांढरा वाडगा घेऊन. तिनं पेशंटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पिंप पाहिलं, कुंड्यांच्या ताटल्या पाहिल्या आणि फुलदाणीपाशी थांबली. पाणी वाडग्यात ओतलं. त्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या.

"हे बघा. डास तुम्ही घरातच पाळलेत. कुणाची ही?"

थोरल्यांनी काड्यांना लटकणारी चिठ्ठी वाचली. "तुला फुलं? तुला कुणी दिली?"

ताईंनी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला तेवढी एक सोय असते.

"मी दिली," दारातून धाकटी म्हणाली. "ताईंनी माझं एवढं केलं, म्हणून."

"मग सुकल्यावर टाकायची नाहीत का?" पालिकेची बाई म्हणाली.

"मशीनवरून मान वर करायला उसंत कुठे मिळते त्यांना."

बाईनं पाणी मागच्या अंगणात कोरड्या मातीवर ओतलं, दर आठवड्याला सगळी भांडी घासून पालथी घाला म्हणून बजावलं आणि ती गेली. पुरुष खाली दुकानात उतरले.

"तुला माहीत होतं," ताई जाळीतूनच म्हणाल्या.

"या खोलीत केर मीच काढते, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? इथे छान दिसत होती."

ताईंना भरून आलं, आणि लगेच पुन्हा जळफळाटही झाला. आजारात पहिली ही, आणि आता चांगुलपणातही हीच. माणसानं करावं तरी काय.

धाकटी मच्छरदाणीत शिरून जवळ बसली. "डोळ्यांच्या मागे ठणकतंय ना? आणि हाडं कुणी पिळून वाळत घातल्यासारखी?"

अगदी तस्संच होत होतं. आपलं दुखणं आपल्या आधी दुसऱ्यानं सांगितलं, असं ताईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ते त्यांना आवडलं, आणि फारसं आवडलंही नाही.

"तुझा किती चढला होता गं?"

"एकशे चार."

धाकटीनं थर्मामीटर लावला, काढला. "एकशे तीन."

"नीट लाव. जिभेखाली गेलाच नव्हता."

दुसऱ्यांदा धाकटीनं तो खिडकीकडे धरला, डोळे बारीक केले. तिचा चष्मा खाली गल्ल्यावर राहिला होता. "चार," ती म्हणाली. "चारच्या वरच आहे जरासा."

थर्मामीटर वाचण्यात ताईंचा हात धरणारं त्या घरात कुणी नव्हतं. एरवी त्यांनी तो हिसकावून स्वतः बघितला असता.

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि पाणी प्यायला त्यांनी मान उचलली.