सवतीचा टाक

तार घेऊन माणूस दारात आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत होते. दोनच शब्द होते, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. ‘बाई गेल्या.’ खाली आबांचं नाव. आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी मळवली स्टेशनात तारबाबू म्हणून काढला, लोकांच्या जन्ममरणाच्या बातम्या कडकट्ट करत पुढे पाठवल्या. मागाहून कळलं की ही तारसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं केली. टाकव्याहून कान्हे स्टेशनापर्यंत चालत गेले आणि तिथल्या तरुण बाबूला म्हणाले, “जरा उठता का? एवढी एक मला करू द्या.” निवृत्त माणसाला यंत्राला हात लावू देणं नियमात बसत नाही. पण त्या पोरानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूट खुर्ची सोडली.

बाई माझी सावत्र आई. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितेय, कारण तो आमच्या घरात कधी कुणाच्या तोंडी आलाच नाही. शाळेत मी त्यांना बाई म्हणायची, तशीच घरात म्हणत राहिले. गंमत म्हणजे आबाही त्यांना ‘अहो बाई’ अशीच हाक मारत. आमची आत्या, आबांची थोरली बहीण, टाकव्याची. ती कपाळावर हात मारून घ्यायची, “बायकूला बाई म्हनतंय! येडं हाय आमचं.” आज दीड महिना झाला बाईंना जाऊन, आणि मला लिहावंसं वाटतंय ते त्या किती थोर होत्या यावर नाही. थोर बिर म्हटलेलं त्यांना खपलंच नसतं. मला सांगायचंय ते एवढंच, की त्या आमच्या घरात आल्या कशा, आणि त्याआधी का आल्या नाहीत.

बाई मळवलीच्या मुलींच्या शाळेवर आल्या तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि नाकावर गोल चष्मा. चष्मा लावलेलं बाईमाणूस आमच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, बायका मुद्दाम शाळेवरून पाण्याला जायच्या. पुण्यात अनाथ मुलींच्या वसतिगृहात त्या वाढलेल्या. कुणी घराण्याची चौकशी केली की म्हणायच्या, “ट्रेनिंगचा दाखला आहे माझ्याकडे, दाखवू?” माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळून होती. माझ्या पाठच्या बाळंतपणात बाळ गेलं आणि आईचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. रेल्वेच्या दोन खोल्यांत खिडकीशी तिची खाट असे, आणि चूल माझ्याकडे. त्यामुळे माझी शाळा आठवड्यातून तीन दिवस बुडायची. एक दिवस बाई विचारायला म्हणून घरी आल्या. माझ्या हातातली भाकरी पाहिली, खाटेवरची आई पाहिली, आणि भलतंच बोलल्या. आईला म्हणाल्या, “तुम्हाला वाचता येतं का? दिवसभर पडून कंटाळा येत नाही?” आई बघतच राहिली. आजवर तिला जो तो औषध विचारायचा, कंटाळा कुणी विचारला नव्हता. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बाई पाटी घेऊन यायच्या, आणि मायलेकी दोघी त्यांच्या विद्यार्थिनी झालो.

आबांशी त्यांचं जमलं ते भांडणातून. पुण्याचं वर्तमानपत्र गाडीनं यायचं, ते आधी आबा वाचायचे, मग बाकावर बसून बाई. मग दोघांची जुंपायची. भर फलाटावर, सगळ्यांदेखत. पोरींना शिकवून काय साधणार इथपासून सरकार कधी जाणार इथपर्यंत कशावरही. आबा भिडस्त माणूस, पण घरीदारी त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. तोंडावर “तुम्ही चुकताय” म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं, आणि ते त्यांना भयंकर आवडलं. हे मला कळत होतं. आईलाही कळत होतं... तिला तर माझ्या आधी.

त्यातच आत्यानं धोशा लावला. भावाला दुसरी बायको पाहिजे, घराला ल्योक पाहिजे. तेव्हा ते रीतीला आणि कायद्याला धरूनच होतं, कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. आईनं दोन रात्री तोंड भिंतीकडे केलं आणि तिसऱ्या दिवशी मला ताटात खण-नारळ काढायला सांगितला. संध्याकाळी बाई आल्या, तर तिनं पडल्या पडल्याच त्यांची ओटी भरली. मी दाराशी तांदूळ निवडत बसले होते. माझा कान तिकडंच होता.

“कुनीतरी येनारच हाय,” आई म्हणाली. “मंग तुमीच या. माजी हरकत न्हाई.”

बाईंनी ओटीतला नारळ दोन्ही हातांनी धरला. “पारूताई, तुमची नसेल. माझी आहे.”

“आवडत न्हाईत व्हय तुमाला ते?”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, “आवडतात. खूप आवडतात. म्हणून तर दुसऱ्या कुणाच्या ताटातलं उचलून घ्यायचं नाही मला. आणि स्वतःला कुणाच्या ताटात वाढूनही घ्यायचं नाही.”

ओटी मात्र त्यांनी परत केली नाही. खण शिवून घातला, नारळाची चटणी करून आम्हालाच आणून दिली. माझा जीव असा तडफडला म्हणून सांगू! मला त्या घरात हव्या होत्या. मी पाटी आपटली, दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मला वाटलं, यांना आम्ही नको आहोत. पुढे मी मोठी झाल्यावर बाईंनीच सांगितलं की त्या आठवड्यात आबाही त्यांच्याकडे गेले होते. “रीतीच्या काही आड येत नाही,” म्हणाले होते. बाई म्हणाल्या, “रीत आड येत नाही, मी येते. मी तुमच्या घरात आले तर खाटेवरून पारूताई जन्मभर मला बघणार, मी त्यांना बघणार, आणि मधे बसून तुम्ही जेवणार. घास उतरेल तुमच्या घशाखाली?” आबा मान खाली घालून परत आले. बाईंनी वरती अर्ज केला आणि महिन्याभरात टाकव्याच्या शाळेवर बदली करून घेतली. कान्हे स्टेशनापासून पायी जायचं, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मला तुम्ही तिघंही पाहिजे आहात, कमळ. पण तिघं आहात तसे.” त्या वयात मला त्यातलं अक्षर कळलं नाही, नुसती रडले.

पण भांडण थांबलं नाही हं. आबा वाचलेलं वर्तमानपत्र गाडीच्या गार्डाबरोबर कान्ह्याला पाठवायचे, समासात पेन्सिलीनं लिहायचे, ‘पटतं का?’ आठवड्यानं ते परत यायचं, समास गच्च भरून. चोरून काही नाही. ते आधी आईच्या खाटेवर जायचं, मग आबांकडे. आई बोट फिरवत, एकेक अक्षर जुळवत वाचायची. तिनं कुणाच्या मदतीशिवाय वाचलेलं आयुष्यातलं पहिलं वाक्य म्हणजे ‘मला मुळीच पटत नाही.’ वाचलं आणि अशी हसली की खाट हलली. “भांडू द्या,” म्हणाली, “भांडत्यात तवर बरं हाय.” महिन्यातून एकदा बाई आईला भेटायला येत. आबांची ड्यूटी असेल त्याच दिवशी.

असं तीन वर्षं चाललं. मग थंडीत आईला ताप आला आणि ती गेली. बाई आल्या, आईला न्हाऊ घातलं, केस विंचरले, हनुवटीवरचे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके आपल्या पदरानं पुसले, जसे काही ते धुळीचे होते... आणि दहाव्यापर्यंत राहून टाकव्याला निघून गेल्या. आबांनी वर्षभर समासात काही लिहिलं नाही. वर्तमानपत्र कोरंच जायचं, कोरंच यायचं. वर्ष झाल्यावर एका रविवारी ते टाकव्याला चालत गेले, मला बरोबर घेऊन. बाई अंगणात लुगडं वाळत घालत होत्या. आबा अंगणाच्या कडेला उभे राहिले. शेवटी म्हणाले, “अहो बाई, आता पटतं का?” बाई म्हणाल्या, “पटतं. पण शाळा सोडणार नाही, ही खोली सोडणार नाही, आणि जेवायला दोघांची पानं बरोबर.” आबा म्हणाले, “तिघांची.” मी त्या लुगड्यामागे लपून इतकी रडले की ते परत धुवावं लागलं.

लग्न झालं आणि तालुक्याला चघळायला विषय मिळाला. आठवडाभर बाई टाकव्यात, आबा मळवलीत. मी बाईंजवळ शिकायला. शनिवारी शाळा सुटली की आम्ही दोघी गाडीनं मळवलीला. लोक त्यांना ‘शनिवारची बायको’ म्हणायला लागले. बाईंच्या कानावर गेलं तर म्हणाल्या, “रविवारचीही आहे, सांगा त्यांना.” आत्या मात्र वेगळ्याच काळजीत. पहिली बायको वारलेल्या घरात दुसरी आली की चांदीच्या पत्र्यावर पहिलीचा ठसा उमटवून घेतात, त्याला टाक म्हणतात. तो दुसरीनं गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेली सवत छळत नाही. आत्या म्हणाली, “न्हाई घातला तर पारू सोडायची न्हाई तुमाला.” मला वाटलं, आता बाई आत्याला चांगलं सुनावणार. पण त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, “घालीन. पारूताईला मी भीत नाही, पण ती जवळ असलेली मला आवडेल. मात्र टाक दोन करायचे. ती यांचीही होती. छळायचंच झालं तर तिनं आधी यांना छळायला पाहिजे.”

“गड्यानं कुटं टाक घालत्यात व्हय!” आत्या किंचाळली.

आबा टोपी डोक्यावर घालून निघाले. लोणावळ्याच्या बाजारात आम्ही तिघं सोनाराकडे गेलो. त्याच्याकडे एकच ठसा, सगळ्या मेलेल्या बायका एका तोंडाच्या. बाई म्हणाल्या, “हिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, ते पाडा.” तो म्हणाला, असं कुणी करत नाही. बाई दुकानाच्या पायरीवर बसल्या. “आम्हाला घाई नाही,” म्हणाल्या. सोनारानं ठिपके पाडले. तेव्हापासून बाईंच्या गळ्यात एक टाक आणि आबांच्या सदऱ्याआड काळ्या दोऱ्यात दुसरा. तार करायला आबा यंत्रावर वाकले की तो बाहेर यायचा, हमाल एकमेकांना कोपर मारायचे, आबा शांतपणे आत ढकलायचे. बाईंना मूल झालं नाही. आत्यानं त्याबद्दल पुष्कळ वर्षं नाक मुरडलं, पण दुखलंखुपलं की पहिली हाक बाईंनाच मारायची.

आबा निवृत्त झाले, रेल्वेची खोली सुटली, तेव्हा ते आपली ट्रंक घेऊन टाकव्याला बाईंच्या खोलीत राहायला गेले. नवरा बायकोकडे नांदायला गेला म्हणून गाव पोट धरून हसलं. सगळ्यात जास्त आबाच हसले. बाई शाळेतून यायच्या तेव्हा त्यांनी भात चढवलेला असायचा, कच्चा राहायचा तो बहुतेकदा. दिवाळीत मी गेले तेव्हा बाई खोकत होत्या. निघताना त्यांनी गळ्यातला टाक काढून माझ्या हातावर ठेवला. “तुझी आई आता तू सांभाळ,” म्हणाल्या. मी चिडले, असलं काही बोलू नका म्हणाले. त्या हसल्या आणि मला स्टेशनापर्यंत सोडायला निघाल्या, मी नको नको म्हणत असताना. तीच शेवटची भेट. इतक्या वर्षांत चांदी झिजून आईचे नाक-डोळे पुसून गेलेत, पण अंगठा फिरवला की हनुवटीवरचे तीन ठिपके अजून लागतात.

गेल्या रविवारी पुन्हा टाकव्याला गेले. खोली होती तशीच, दोन पाट समोरासमोर भिंतीला टेकवलेले, बाजूला घडी घातलेलं वर्तमानपत्र. आबांनी समासात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘पटतं का?’ मी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. आत्या दाराशी बसली होती, पार वाकलेली. मला पाहताच म्हणाली, “तुज्या बापाला समजाव गं. लोनावळ्याला जाऊन काय करून आलाय बग.” म्हणाली खरी, पण दोरा तिनंच ओवून दिला होता, हे आबांनी मागाहून सांगितलं. आबांनी सदऱ्याची गुंडी सोडली. गळ्यात आता दोन टाक होते. एक जुना, आईचा. दुसरा नवाकोरा, आणि त्यातल्या बाईच्या डोळ्यांवर दोन गोल कोरलेले. चष्मा! सोनार म्हणे तयार होईना, टाकाला चष्मा कुणी पाहिलाय? मग आबा दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, बाईंसारखे.

मला हसू आलं, आणि हसता हसता माझा बांध फुटला. “आबा,” मी म्हटलं, “बाई कशाला छळतील तुम्हाला?”

आबांनी दोन्ही टाक मुठीत धरले. “छळू नये म्हणून घालतात लोक,” ते म्हणाले. “मी घातलाय तो त्यांनी छळावं म्हणून.”