चोपड्याच्या पुढे आम्ही लघुग्रह खाल्ले

मी सांगतेय, नात टाईप करतेय. मधे तिनं स्वतःचं काही घुसडलं, तर ते माझ्या माथी मारू नका.

नात म्हणजे वैशू. धुळ्याच्या कॉलेजात तिचं विज्ञान प्रदर्शन होतं. पहिली आली तर महिनाभर पुण्याला, दुर्बिणीवर शिकायला. पण चार अनोळखी माणसं दिसली की पोरीची वाचाच बसते. म्हटलं, मी येते सोबत.

सकाळी सातला रावेरहून एसटी धरली. चोपडा-शिरपूरवरून जा, दोन्ही बाजूंना केळीच केळी. बायांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे फुकट. तेव्हा म्हाताऱ्यांनो, उठा. यावलला चहा घ्या. भजी गरम असतील तरच.

वैशू डोळे मिटून पाठ करत होती. मी पिशवीतली भाजक्या शेंगदाण्यांची पुडी सोडली. गाडीत पुडी सोडली की एकट्यानं कसं खाणार? शेजारी दिली, तिथून ती मागे गेली. चोपडा सुटलं आणि वैशूनं डोळे उघडले.

"आजी! ते लघुग्रह होते!"

गुरू ग्रहाच्याच वाटेवर म्हणे दगडांच्या दोन टोळ्या फिरतात, एक पुढे, एक मागे. त्या मांडून दाखवायला तिनं दाण्यांच्या दोन पुड्या बांधल्या होत्या. मागची टोळी मी वाटून टाकली होती.

"हाई काय शे माय?" शेजारच्या अक्कांचा घास अडकला. "आम्ही गरह खाई टाकात का?"

रागाच्या भरात वैशू उभी राहिली आणि अख्ख्या गाडीला समजावू लागली.

"एकच रस्तावर फिरतस, मंग टक्कर का नही व्हस?" एका आबांनी विचारलं.

"सूर्याभोवती फेरीला सगळ्यांना सारखाच वेळ लागतो, आबा. थोडे झुलतात, पण अंतर राखून."

"म्हणजे पुढे तो केळीचा ट्रक, मधे आपण, मागे ट्रॅक्टर," मी म्हटलं.

कंडक्टर ओरडला, "ड्रायव्हरभाऊ, आज तुम्ही गुरू! ओव्हरटेक बंद!"

हसण्याच्या नादात सोनगीरचा किल्ला कधी गेला कळलंच नाही. धुळ्याला उतरताना लोकांनी खिशातले दाणे परत दिले. मूठभरच. मी ओशाळले. वैशू मात्र उडालीच, "आजी, आकाशातही मागच्या टोळीत खरंच कमी सापडलेत!"

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, मागे कमी का? पोरगी धडाधड बोलली, "खरंच कमी आहेत, सर. का, ते अजून नक्की कळलेलं नाही." पहिली आली! शेवभाजीवर ताव मारला. नाकाडोळ्यांतून पाणी, ते तिखटामुळे.

घरी येऊन चार दिवस झाले. उद्या ती निघतेय. वाचा फुटली म्हणून मीच गावभर मिरवलं. आता महिनाभर घरात बोलायला मी एकटी, हे गाडीत सुचलंच नव्हतं.

हिचं बोट थांबलं बघा. टाईप कर गं, डोळे पुण्याला जाऊन पूस.