प्रज्ञाचा सोळा किलोचा वॉकर

टेम्पोतून वॉकर उतरवायला दोन माणसं लागली, तेव्हाच मी हातातलं काम टाकून बाहेर आले.

"हे काय आणलंत मिलिंदभाऊ?" मी क्लिनिकच्या पायरीवरून ओरडले.

"वॉकर की मॅडम! तुमच्या ड्रॉइंगपरमाणं."

ड्रॉइंग माझंच होतं, हे खरं. मी फिजिओथेरपिस्ट. मिलिंदभाऊ उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंड कापून, वेल्डिंग करून हव्या त्या वस्तू बनवणारे. त्यांची मुलगी प्रज्ञा सहा वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. डोकं तल्लख, पण हातपाय आणि जीभ तिचं ऐकत नसत. पेला धरायला गेलेला हात तिसरीकडेच जाई. अ‍ॅल्युमिनियमचा वॉकर धरला की एका झटक्यात तो उडे आणि पाठोपाठ ती. नव्वदीच्या दशकाअखेरीस मुलांच्या मापाचे वॉकर कोल्हापुरात मिळत नव्हते. म्हणून चाकांचा एक मीच कागदावर काढून दिला. लांबी, रुंदी, उंची सगळं लिहिलं. खाली एक सूचना : मजबूत हवा.

उद्यमनगरात मजबूत म्हटल्यावर काय होतं, हे इथंच जन्म काढून मला कळायला हवं होतं. तिथली माणसं स्टूलसुद्धा ट्रक धडकेल या बेतानं बनवतात. भाऊंनी भरीव सळया वापरल्या होत्या. तळाला बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या, दोन पट्ट्या. चारी चाकांना बेअरिंग. वर ट्रॅक्टरचा लाल रंग आणि पुढे भोंगा.

"वजन किती याचं?"

"सोळा किलो फकस्त."

"अहो, पोरगी चौदा किलोची आहे!"

"म्हणूनच की! आता उडवून दाखव म्हणावं."

माझं टाळकंच सरकलं. तो शुक्रवार होता. सोमवारी शाळेत जायचं होतं. फाटकापासून वर्गापर्यंत पोरगी कुणी न उचलता आली, तरच पहिलीत घेईन, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. नाहीतर आणखी एक वर्ष घरी. दोन वर्षं आशाताई, म्हणजे प्रज्ञाची आई, तिला कडेवर घेऊन बसनं माझ्याकडे येत होत्या.

"न्या परत आणि वितळवा," मी म्हटलं.

तोवर प्रज्ञानं आईच्या कडेवरून वाकून भोंगा वाजवला होता. आता तिला खाली उतरवलं नसतं तर तिनं क्लिनिक डोक्यावर घेतलं असतं. म्हटलं, धरू दे घटकाभर.

तिनं दांडा धरला. नेहमीचा झटका आला. वॉकर ढिम्म. दुसरा झटका. तरी ढिम्म. तिनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं आणि हळूच ढकललं. बेअरिंगवर ते धूड अलगद सरकलं आणि तिचा पाय पुढे पडला. मग दुसरा. आठ पावलं! मी अशी किंचाळले की शेजारचे दातांचे डॉक्टर पेशंट सोडून धावत आले.

कारण साधं होतं. हलका वॉकर तिच्या झटक्यासरशी उडायचा, जड वॉकर तो झटका पचवत होता. माझ्या पुस्तकात तशी ओळही होती. मी ती परीक्षेपुरती वाचली होती.

सोमवारी हेडमास्तर ऑफिसात चहा घेत बसले होते. वऱ्हांडा लांब, फरशी गुळगुळीत. प्रज्ञा फाटकातून निघाली. मागे मिलिंदभाऊ आणि अजून सवयीनं एका बाजूला कललेल्या आशाताई. पोरगी पहिलीच्या दारापाशी पोचली. मी टाळ्या वाजवल्या. ती थांबेना.

"प्रज्ञा, थांब!"

"थांबत... न्हाय... मी!" ती खिदळली.

पाणी वाहून जावं म्हणून वऱ्हांड्याला उतार होता. भोंगा वाजवत ती थेट ऑफिसात घुसली आणि हेडमास्तरांच्या टेबलाला धडकली. कप आडवा झाला. चहा हजेरीपटावर. प्रज्ञा मात्र उभीच्या उभी.

"ह्याला ब्रेक न्हाय व्हय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"ड्रॉइंगमधी नव्हता सर," मिलिंदभाऊ म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

हेडमास्तरांनी हजेरीपट झटकला. "पावणं, ब्रेक बसवून आणा. आणि पोरीचं नाव सांगा, लिहून घेतो."

भाऊंनी तोंड उघडलं, पण प्रज्ञानं जोरात भोंगा वाजवून त्यांना गप्प केलं. आपलं नाव तिनं स्वतःच सांगितलं. वेळ लागला. हेडमास्तर पेन धरून थांबले. आशाताईंना रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनी मलाच करकचून मिठी मारली. दोघी हसत होतो, रडतही होतो.

मंगळवारी सायकलचा ब्रेक बसला. पंधरा दिवसांत शाळेतून चिठ्ठी आली : आपली मुलगी मधल्या सुट्टीत इतर मुलांना वॉकरच्या पट्टीवर उभं करून फिरवते, तिला समज द्यावी. प्रज्ञाविरुद्ध आलेली ती आयुष्यातली पहिली तक्रार. आशाताईंनी ती गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन वाचून दाखवली.

मी एवढंच शिकले : ड्रॉइंगमध्ये ब्रेक आधी काढावा, आणि वजन पोराच्या हातांना विचारून लिहावं.